मुंबई ते लंडन : अंतर किती व वेळ किती

अमुक गांव येथून किती दूर, असें कोणीं विचारलें तर आपल्याकडे त्याचें उत्तर कोसांत क्वचितच मिळतें. "न्याहारी करून निघालांत तर दिवेलागणीस पोंचाल" असें सांगतात, आणि व्यवहारास तेंच उपयोगी पडतें. हल्लीं आमच्या कित्येक बागाईतदार बंधूंस मात्र असें सांगण्यांत येतें कीं, लंडन शहर मुंबईपासून अवघ्या दहा तासांवर आलें आहे. आज पेटी विमानांत चढली कीं उद्यां ती तेथील बाजारांत उघडली. हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु त्यांत खरें किती व गाळलेलें किती, हें न पाहतां जो झाडावरून आंबा उतरवितो तो आपला माल दुसऱ्याच्या हिशेबावर सोडतो. तो हिशेब वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम अंतर. आमचीं उमेदीचीं वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत गेलीं. ३३ फूट लांबीची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हें गणित आमच्या वाचकांपैकीं जुन्या मंडळींस सांगावयास नको. गांवचा नकाशा कागदावर सपाट काढलेला असतो आणि तो बरोबर असतो. कारण एका गांवच्या शिवारापुरती पृथ्वीची गोलाई हिशेबांत धरण्याजोगी नसते. परंतु मुंबई व लंडन हीं दोन शहरें एका कागदावर आणूं गेलें असतां ती गोलाई कोठें तरी दाबावी लागते, आणि जेथें ती दाबली तेथें नकाशा फसवूं लागतो.

शाळेच्या भिंतीवर जगाचा जो लांबरुंद नकाशा टांगलेला असतो त्यावर फूटपट्टी ठेवून मुंबईपासून लंडनपर्यंत रेघ ओढावी. ती दक्षिण इराणांतून निघून बगदाद शहराजवळून तुर्कस्तानच्या दक्षिण कडेस लागते. आतां पृथ्वीचा गोल घ्यावा, सुताचें एक टोंक मुंबईवर व दुसरें लंडनवर धरून सूत ताणावें. तें निराळ्याच वाटेनें जाईल. कराचीवरून तें बलुचिस्तानांत शिरेल, इराणच्या झाहेदान शहराच्या आसपास जाईल, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा कापून जॉर्जिया देशाची राजधानी तिबिलिसी हिच्याजवळ येईल. तेथें बरोबर निम्मी वाट संपते. पुढें काळा समुद्र, युक्रेन, जर्मनीचें ड्रेस्डेन शहर, आणि मग लंडन. या सुताची लांबी मोजली असतां सुमारें ७,२०० किलोमीटर भरते; म्हणजे जवळजवळ ४,५०० मैल, किंवा आपले सव्वादोन हजार कोस. नकाशावर जी रेघ अगदीं सरळ दिसत होती ती या वांकड्या दिसणाऱ्या सुताहून सुमारें २०० किलोमीटर अधिक लांब आहे. मुंबई व न्यूयॉर्क या दोन शहरांस सूत लावून पाहिलें तर हा चमत्कार विशेषच डोळ्यांत भरतो. न्यूयॉर्क पश्चिमेस असूनही सूत उत्तरेकडे चढत चढत आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यानजीक जातें आणि मग खालीं उतरतें. ती वाट सुमारें साडेबारा हजार किलोमीटरांची आहे. ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. दोन पैशांच्या सुतांत भूगोलाचा एक धडा होतो.

आतां वेळ. आजचें मोठें प्रवासी विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून तासास सुमारें ९०० किलोमीटर वेगानें चालतें. ७,२०० ला ९०० नें भागिलें म्हणजे आठ तास आले. मग वेळापत्रकांत लंडनला जाण्यास साडेनऊ-दहा तास, किंवा थोडे अधिकच, कां लिहिलेले असतात? पहिलें कारण वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, आणि हिंवाळ्यांत त्यांस विशेष भर येतो. समजा समोरून तासास १०० किलोमीटरांचा वारा आहे. म्हणजे विमानाचा जमिनीवरील वेग ८०० राहिला आणि आठ तासांचे नऊ झाले. तोच वारा परत येतांना पाठीशीं असतो. वेग १,००० झाला आणि तेंच अंतर सात तास बारा मिनिटांत सरलें. म्हणूनच जाण्यापेक्षां येण्यास वेळ कमी लागतो. नदीच्या पुरांत होडी हांकणाऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं.

दुसरें कारण, वेळापत्रकांतला वेळ केवळ उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हललें कीं घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या टोंकास जागेवर उभें राहिलें कीं बंद. धांवपट्टीपर्यंत सरपटणें, आपली पाळी येईपर्यंत खोळंबणें, चढणें, उतरणें, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली तर शहराच्या सभोंवार आकाशांत घिरट्या घालीत राहणें, हें सर्व त्यांत येतें. तिसरें कारण वाटेचें आहे, आणि तें मोठें असल्यामुळें पुढें स्वतंत्रपणें सांगूं.

तत्पूर्वी घड्याळाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण माल पाठविणारे कित्येक लोक यांत फसतात. उन्हाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या मागें साडेचार तास असतें व हिंवाळ्यांत साडेपांच. मार्चच्या शेवटच्या रविवारीं ते लोक आपलें घड्याळ एक तास पुढें सारतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं पुन्हां मागें घेतात. म्हणजे आंब्याचा सबंध हंगाम साडेचार तासांच्या हिशेबांत बसतो. आतां मेमध्यें एक विमान मुंबईहून दुपारीं दोन वाजतां निघालें व दहा तासांनीं पोंचलें तर आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा झाले असतील, परंतु लंडनला सायंकाळचे साडेसात. कागदावर प्रवास साडेपांच तासांचा दिसेल. तेंच परत येतांना तेथून सकाळीं नऊ वाजतां निघून नऊ तासांनीं मुंबईस रात्रीं साडेदहा वाजतां उतरेल, आणि कागदावर प्रवास साडेतेरा तासांचा दिसेल. दोन्ही कागदी आंकडे एकत्र केले तर एकोणीस येतात. खरे प्रवासाचे दहा व नऊ मिळूनही एकोणीसच. जाणें व येणें यांची बेरीज घेतली म्हणजे घड्याळांतील फरक आपोआप छाटला जातो, ही युक्ति लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या मुंबईचें स्वतःचें घड्याळही एके काळीं निराळें होतें. हिंदुस्थानचा प्रमाणवेळ १९०६ पासून चालू असतांही मुंबई शहरानें त्याहून ३९ मिनिटें मागें असलेली आपली "मुंबई वेळ" १९५५ पर्यंत सोडली नाहीं. तेव्हां परक्यांच्या घड्याळास हंसण्याचें आपणांस कारण नाहीं.

हे दहा तास एकदम मिळालेले नाहींत. ३० मार्च १९२९ रोजीं लंडन ते कराची अशी टपालाची विमानसेवा सुरू झाली, तेव्हां त्या प्रवासास सात दिवस लागत. आणि तेही सगळें अंतर विमानानें नव्हे, युरोपांतील एक टप्पा आगगाडीनें व भूमध्य समुद्राचा टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें. कराचीपासून पुढें टपाल आणण्याचें काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं लहानशा एक-इंजिनी विमानांत बसून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें केलें. स्वराज्य मिळाल्यावर ८ जून १९४८ रोजीं "मलबार प्रिन्सेस" नांवाचें विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला गेलें, तें १० जूनला पोंचलें. आगबोटीनें जेथें दोन-तीन आठवडे लागत तेथें दोन रात्री लागल्या, हें त्या काळीं आश्चर्यच होतें. आज मुंबईहून निघालेलें विमान मध्यें कोठेंही न थांबतां लंडनला उतरतें. परंतु कराची सुताच्या वाटेवर आहे हें ज्यांनीं वर वाचलें त्यांच्या ध्यानांत येईल कीं, १९२९ सालची ती वाट आरंभीं जेथें येऊन थांबली तें ठिकाण कांहीं उगीच निवडलेलें नव्हतें.

आतां वाटेचें कारण. शेतांत जाण्यायेण्याची वहिवाटीची वाट कोणीं अडविली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्यान्वयें अर्ज करून ती मोकळी करून घेतां येते. असे अर्ज आम्हीं शेंकड्यांनीं दाखल करून घेतले आहेत, आणि बांधावरून भाऊ भावाच्या जिवावर कसा उठतो हेंही पाहिलें आहे. आकाशांत असा मामलेदार नाहीं. शिकागो येथें ७ डिसेंबर १९४४ रोजीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यांत प्रत्येक राष्ट्राची त्याच्या जमिनीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केलेली आहे. ज्याचें शेत त्याचें वरचें आकाश. त्यानें बांध घातला कीं विमानानें वळसा घ्यावा.

या दृष्टीनें वरील सूत पुन्हां एकदां गोलावर धरून पाहावें. पहिलेंच नांव कराचीचें. पाकिस्ताननें २०१९ च्या फेब्रुवारींत आपलें आकाश बंद केलें, तें जुलैंत पूर्णपणें उघडलें. पुन्हां २४ एप्रिल २०२५ रोजीं, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामांत, तें भारतीय विमानांस बंद झालें. पुढें इराण. १३ जून २०२५ रोजीं तेथें युद्ध भडकून आकाश बंद झालें, त्या दिवशीं मुंबईहून लंडनकडे निघालेलें एक विमान वाटेंतूनच मुंबईस परत आलें, आणि लंडनहून मुंबईकडे येणारें एक व्हिएन्नास उतरविण्यांत आलें. त्यापुढें युक्रेन, तेथील आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांस मिटलें. म्हणजे ज्या सुतावर ७,२०० किलोमीटरांचा आंकडा उभा आहे त्या सुतावर एकामागून एक बांध पडले. मग विमान अरबी समुद्रावरून आखातावर जातें, नाहींतर आणखी दक्षिणेकडून वळतें, आणि दहा तासांवर कधीं अर्धा तास, कधीं त्याहून अधिक वाढतो. दिल्लीच्या मानानें मुंबईस समुद्र जवळ असल्यामुळें हा वळसा पुष्कळच सोसण्यासारखा आहे, एवढें समाधान मानावें.

वळशानें वेळ वाढतो हें सर्वांस दिसतें. परंतु शेतकऱ्यास लागतें तें निराळेंच. वाट लांबली कीं इंधन अधिक भरावें लागतें. विमानाचें एकंदर वजन ठरलेलें, उतारूंस व त्यांच्या सामानास तर खालीं ठेवतां येत नाहीं. तेव्हां कपात होते ती पोटांत भरावयाच्या मालांत. अर्थात् अर्ध्या तासाच्या वळशाची किंमत उतारू जांभई देऊन भरतो आणि बागाईतदार पेट्या मागें ठेवून भरतो.

मग आंबा आगबोटीनें कां पाठवूं नये, असें कोणी विचारील. नाशिकचीं द्राक्षें तशींच जातात. द्राक्षाचा घड शून्य अंशाच्या जवळपास थंड ठेवून, पेटींत गंधकाचा धूर हळूहळू सोडणारा कागद घातला म्हणजे न्हावाशेव्याहून निघालेला माल तीन-चार आठवडे समुद्रावर टिकतो. समुद्रानें मुंबई ते लंडन हें अंतर सुवेझ कालव्यांतून सुमारें साडेअकरा हजार किलोमीटर आहे. १८६९ सालीं तो कालवा खुला होण्यापूर्वीं आफ्रिकेस वळसा घालावा लागे, आणि तो वीस हजारांच्या घरांत जाई. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत गलबतांवर हल्ले होऊं लागले, तेव्हां २०२४ च्या हंगामांत आमच्या द्राक्षांच्या पेट्या पुन्हां त्याच जुन्या वळशानें गेल्या. द्राक्षांनीं तें बऱ्याच अंशीं सोसलें. हापूस सोसणार नाहीं. त्यास बारा-तेरा अंशांहून अधिक थंडींत फार दिवस ठेवलें तर साल काळवंडते व फळ नीट पिकत नाहीं. आणि तितकी थंडी न दिली तर तें वाटेंतच पिकून जातें. समुद्रमार्गें आंबा पाठविण्याचे प्रयोग झाले आहेत, २०२२ सालीं अमेरिकेसही एक खेप तशी गेली. ते पुढें चालले पाहिजेत. तूर्त मात्र हापूसचें फळ स्वतःच्या आयुष्यांतले दिवस मोजून विमानाचें भाडें भरतें.

ते दिवस असे. निर्यातीचा आंबा चौदा आणे तयार असतां उतरवितात. तेथून तो साधारण आठ ते बारा दिवसांत पिकतो; हेंच आमचें भांडवल. सकाळीं तोडणी, देठाचा चीक निथळणें, निवड, आणि संध्याकाळीं ट्रक. रत्नागिरी ते वाशी हें अंतर सव्वातीनशें किलोमीटर. विमानास तितकें अंतर तोडण्यास पुरतीं पंचवीस मिनिटेंही लागत नाहींत. आमच्या ट्रकास घाट, वळणें व अर्धवट झालेला रस्ता यांतून नऊ-दहा तास सहज लागतात. म्हणजे मुंबई ते लंडन जितका वेळ, तितकाच रत्नागिरी ते वाशी! जे लोक विमानाच्या वेगाचीं वर्णनें आम्हांस ऐकवितात त्यांनीं या दोन आंकड्यांकडे एकदां शेजारीं शेजारीं ठेवून पाहावें.

वाशीस आल्यावर पुन्हां प्रतवारी. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, कारण कांहीं खेपांत फळमाशी सांपडली. इंग्लंड त्या वेळीं त्या संघांत होतें. बंदोबस्त झाल्यावर जानेवारी २०१५ मध्यें ती बंदी उठली. त्या बंदोबस्तापैकीं एक म्हणजे फळें ४८ अंश उष्णतेच्या पाण्यांत ६० मिनिटें बुडविणें. बुडविणें, निवविणें, सुकविणें, पेट्या भरणें यांत एक दिवस जातो. नंतर रोगकिडींची सरकारी तपासणी व दाखला, जकातीचे कागद, विमानतळाच्या गोदामांतील पाळी, यांत दुसरा. मग रात्रीं ते दहा तास. लंडनला उतरल्यावर तेथील तपासणी व सोडवणूक, आणि पुढल्या दिवशीं दुकान. एकूण चार ते पांच दिवस. आणि त्यांत उडण्याचे तास दहा. कागदाच्या कामास कोणीं क्षुल्लक लेखूं नये. २०२५ च्या मे महिन्यांत अमेरिकेस विमानानें गेलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा, फळ चांगलें असतांही, प्रक्रियेच्या कागदांत दोष निघाल्यामुळें तेथील विमानतळांवर अडविल्या गेल्या व नाश पावल्या. अर्धें जग उडून गेलेलें फळ एका रकान्यापायीं फुकट गेलें, हें वाचून आमच्यासारख्या जुन्या कारकुनाच्या काळजांत जें झालें तें इतरांस कळणें कठीण आहे.

भाड्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पेटी बनविणाऱ्याच्या हातची आहे. विमानाचें भाडें वजनावर आकारतात. परंतु माल हलका व जागा अधिक अडविणारा असेल तर दर ६,००० घन सेंटिमीटरांस एक किलो असें धरून, दोहोंपैकीं जें अधिक भरेल त्यावर. डझनाची पेटी ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व १२ उंच असेल तर ती १४,४०० घन सेंटिमीटरांची, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅमची झाली. आंत पाव किलोचें एक अशीं बारा फळें घातलीं तर खरें वजन पुठ्ठ्यासह तीन किलोंच्या वर जातें, आणि भाडें खऱ्या वजनावर बसतें. तीच पेटी कोणीं भपक्यासाठीं २० सेंटिमीटर उंच केली तर ती चार किलोंची ठरते, आणि मधल्या पोकळींतील वाऱ्याचें भाडें लंडनपर्यंत भरावें लागतें.

शेवटीं तोडणीचा वार. तो विमानाच्या वेळापत्रकावरून न ठरवितां लंडनच्या दुकानावरून मागें मोजीत यावा. तेथील गिऱ्हाइकी शनिवार-रविवारीं. म्हणून माल शुक्रवारीं दुकानांत पाहिजे. गुरुवारीं सोडवणूक, बुधवारीं दिवसा तपासणी व रात्रीं विमान, मंगळवारीं ऊन पाण्याची प्रक्रिया व पेट्या, सोमवारीं रात्रीं ट्रक, सोमवारीं सकाळीं झाड. सोमवारचा मंगळवार केला तर सबंध आठवडा हुकतो, आणि आठ दिवसांच्या आयुष्यांतून सहा गेले म्हणजे दलाल काय दर देईल तें सांगावयास नको. मे महिन्याचा पहिला व शेवटचा सोमवार लंडनला सुटीचा असतो, ईस्टरच्या अलीकडचा शुक्रवार व पलीकडचा सोमवारही तसाच. आपल्याकडे १ मे. हे वार कॅलेंडरावर तांबड्या शाईनें आधींच खूण करून ठेवावे, आणि त्या आठवड्यांत माल मुंबईच्या बाजारास सोडावा.